छत्तीस माणसांचा रोल

दामूकाका, तुमच्या सुनेचा, सुवर्णाचा, फोन आला तेव्हा मी कामावर होते. समोर स्क्रीनवर तुम्ही काढलेल्या फोटोतला आचारी होता. जहाज एका बाजूला कललेलं, आचाऱ्याने एक पाय भिंतीला टेकवून तोल धरलेला, आणि तशातही तो पळीतलं वरण चाखून बघतोय. "वीणा, बाबा गेले," सुवर्णा म्हणाली. "सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि गेले." मी तिला काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या आचाऱ्याकडेच बघत बसले. त्याला मीठ बरोबर लागलं की कमी, हे तुम्हालाच माहीत होतं.

पेपरात तुमची बातमी आली. वय, नौदलात फोटोग्राफर म्हणून काढलेली वर्षं, मागे कोण कोण. सगळं बरोबर होतं, आणि वाचून संपल्यावर तुम्ही कुठेच सापडला नाहीत. म्हणून हे लिहायला बसलेय. शिवाय तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय, आणि त्याआधी माफी मागायचीय.

आपली ओळख उणीपुरी चार वर्षांची. वागळे इस्टेटमधलं आमचं ऑफिस म्हणजे जुने कागद स्कॅन करायचा कारखानाच. सोसायट्यांचे नकाशे, कंपन्यांची रजिस्टरं, शाळांचे दाखले. तुम्ही एका दुपारी खाडीकाठच्या तुमच्या गावातून निघून, माजिवड्याला बस बदलून आलात. काखेत बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे. काउंटरवरून विचारलंत, "निगेटिव्ह करता काय इथे?" आमचे साहेब नाही म्हणणारच होते, पण तोवर मी डबा उघडला होता. एकेक पट्टी बटर पेपरच्या पाकिटात, आणि प्रत्येक पाकिटावर बारीक अक्षरात महिना, समुद्र, हवा. हवासुद्धा! 'ढगाळ. वारा नैर्ऋत्येचा.' मी साहेबांना म्हटलं, हे मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत करीन. तुम्ही म्हणालात, "मग मी शेजारी बसणार."

दर गुरुवारी तुम्ही येऊ लागलात. मी फ्रेम मोठी करायची, तुम्ही माणसांची नावं सांगायची. पहिल्या महिन्यात वाटलं, अंदाजे सांगत असतील. पन्नास वर्षांपूर्वीची माणसं, त्यात निम्म्यांची कॅमेऱ्याकडे पाठ. एकदा मी मुद्दाम दोन महिन्यांपूर्वी झालेली फ्रेम पुन्हा लावली. गर्दीतल्या एकाचा एक कान आणि अर्धी टोपी, एवढंच दिसत होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात. "सतबीर. ह्याला गोड लई लागायचं. मागल्या वेळी सांगितला ना तुला? परीक्षा घेतेस काय माझी?" मी ओशाळले. त्यानंतर कधी तपासलं नाही.

आपलं पहिलं भांडण तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी झालं. मी विचारलं, "काका, युद्धाचे फोटो कुठल्या डब्यात आहेत?"

"आतापर्यंत काय बघितलंस मग?"

आतापर्यंत मी बघितलेलं असं होतं: तोफेच्या नळीवर वाळत घातलेले गंजीफ्रॉक. एकाच्या पाठीवर कागद ठेवून घरी पत्र लिहिणारा दुसरा. जीवरक्षक जाकिटं घालून एकाच आरशात दाढी करणारे चौघे. मी म्हटलं, ह्यात युद्ध कुठेय? आग, धूर, काहीतरी?

"ते काढलं, ते सरकारजमा केलं. ड्यूटी होती ती. हे माझे स्वतःचे रोल." मग तुम्ही त्या दाढीच्या फोटोवर बोट ठेवलंत. "हा कडेचा बघ. साबण गालाला नाय, कानाला लावतोय. भीती अशी दिसते गो."

तो फोटो मी चार वेळा पाहिलेला. कान एकदाही दिसला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना मला वाटत राहिलं, आपल्याला डोळे आहेत पण बघता येत नाही.

दुसरं भांडण तुमच्या नावावरून. यादीत 'छायाचित्रकार' असा रकाना होता, त्यात मी दर ओळीला तुमचं नाव भरायचे. तुम्ही म्हणायचात, "पुसून टाक. फोटोत जो आहे त्याचं लिही." मी म्हणायचे, "काढणारा कोण हे कळायला नको लोकांना?" "कशाला? मी कुठे त्या फोटोत आहे?" हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं नाव मी पुसलेलं नाही, हे आता सांगून टाकते.

छत्तीस माणसांची गोष्ट तुम्ही पहिली दोन वर्षं काढलीच नाहीत. तो रोल दुसऱ्या डब्याच्या तळाशी होता, सोबत एक पातळ वही. मी पट्ट्या उजेडावर धरल्या, तर छत्तीसच्या छत्तीस फ्रेममध्ये एकेक माणूस, छातीपर्यंत, मागे तेच लोखंडी दार, आणि सगळे हसतायत. मी वही उघडली. पान पान वेगळ्या अक्षरात, वेगळ्या लिपीत. तुम्ही वही माझ्या हातातून घेतलीत आणि सांगितलंत.

एकाहत्तरचं युद्ध सुरू झालेलं. बंदरात तुमच्या शेजारी दुसरी बोट लागलेली. तिचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, 'ती' एवढंच म्हणायचात. मीही इथे लिहीत नाही. तिच्यावरच्या एका यंत्राचे फोटो काढायला तुम्हाला पाठवलं. काम अर्ध्या तासात झालं. तुम्ही निघालात, तर डेकवरचा एक जण म्हणाला, "ए फोटोवाले, हमारा भी निकाल ना. घर भेजेंगे." तुमच्या खिशात तुमचा एक कोरा रोल होता. तुम्ही म्हणालात, एकेकाचा एकच काढीन, आणि छत्तीस झाले की मग कुणी बोलायचं नाही. रांग लागली. प्रत्येकाने आधी वहीत आपलं नाव आणि घरचा पत्ता आपल्या हाताने लिहायचा, मग दारापुढे उभं राहायचं. तुम्ही काहीतरी बोलून त्याला हसवायचं आणि बटण दाबायचं. रोल संपला. "परत आल्यावर प्रिंट देतो," असं सांगून तुम्ही आपल्या बोटीवर आलात. दोन्ही बोटी समुद्रात गेल्या. तुमची परत आली. 'ती' आली नाही.

रोल तुम्ही बोटीवरच्या अंधाऱ्या खोलीत धुतलात. प्रिंट काढताना कोरा कागद औषधाच्या पाण्यात ठेवला की चेहरा हळूहळू वर येतो, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही हाताने दाखवलंत. "एकेक जण वर येत होता," म्हणालात, आणि तिथेच थांबलात. त्या गुरुवारी पुढे काही काम झालं नाही.

पुढचं तुम्ही तुकड्यातुकड्याने सांगितलंत, आणि ते ऐकताना मी दर वेळी थक्क व्हायचे. छत्तिसातले थोडे वाचले होते, त्यांचे फोटो पोस्टाने गेले. बाकीचे पोस्टाने धाडायचे नाहीत, हे तुम्ही ठरवलंत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हुकूम दिला नव्हता. दर वर्षीच्या सुट्टीत चार-पाच पाकिटं घ्यायची आणि ज्याच्या त्याच्या घरी द्यायला निघायचं. लग्न झाल्यावर काकूही बरोबर. "लोक बायकोला घेऊन देवाला जातात, मी हिला असा फिरवला," म्हणायचात. वहीतली मल्याळम पानं डोंबिवलीतल्या एका शिंप्याकडून वाचून घेतलीत. गुरुमुखी पान माजिवड्याच्या नाक्यावर ट्रक थांबवून एका सरदारजीला दाखवलंत. एक पत्ता तर नुसताच 'देवळामागे, विहिरीजवळ' असा होता. तेही घर तुम्ही शोधलंत.

डोंगरातल्या एका गावात एका म्हाताऱ्या बापाने फोटो हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ये हँसा किस बात पे?" तुम्हाला आठवत होतं. तुम्ही त्या मुलाला म्हटलं होतं, टोपी अशी तिरकी घातलीयस की कॅप्टनच तुला सलाम करेल. बाप हसला. त्याने तुम्हाला ते बायकोसमोर पुन्हा सांगायला लावलं, मग भावासमोर, मग शेजाऱ्यांना बोलावून. मी विचारलं, "काका, तुम्हाला त्या एकाचंच आठवत होतं की...?" तुम्ही जरा नवलाने बघितलंत माझ्याकडे. "सगळ्यांचं. त्याशिवाय जाणार कसा घरी?"

वहीतल्या प्रत्येक नावासमोर लाल पेन्सिलीची बरोबरची खूण होती. अकरा वर्षांत केलेल्या खुणा. फक्त तेविसाव्या नावासमोर नव्हती. ते पान मराठीत होतं: बाळाराम, मुक्काम आंबिवली.

"हे राहिलं?" मी विचारलं. "केरळला गेलात, पहाडात गेलात, आणि आंबिवली? इथल्या इथे?"

तुम्ही फ्रेम लावायला सांगितलीत. विशीतला पोरगा, गोल चेहरा, दात दिसतायत, आणि डोळे घट्ट मिटलेले.

"बटण दाबताना कळतं आपल्याला," तुम्ही म्हणालात. "कळलं होतं मला. दुसरा काढला असता, तर रांगेतला शेवटचा राहिला असता. म्हटलं, परत आल्यावर काढू ह्याचा." मग स्क्रीनकडे बघत, "डोळे मिटलेला फोटो आईच्या हातात कसा देऊ? तिला कसा दिसेल तो? तूच सांग."

मी सांगायचे. दर दोन महिन्यांनी सांगायचे. म्हणायचे, हसतोय तो, आईला हसणं दिसेल. म्हणायचे, ती वाट बघत असेल. तुम्ही म्हणायचात, "तुला मूल हाय काय?" मला नाही. तिथे माझं तोंड बंद व्हायचं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. त्या वाक्याचा मला राग आहे, काका. अजून आहे.

आता माफीचं. मागच्या महिन्यात मी जे केलं ते तुमच्या भल्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत होते. कॉम्प्युटरवर हल्ली मिटलेले डोळे उघडून मिळतात. मशीन अंदाजाने डोळे काढतं आणि बसवून देतं. मी तेविसावी फ्रेम त्यात घातली. मिनिटभरात बाळाराम माझ्याकडे बघायला लागला. चांगले टपोरे डोळे. मला इतका आनंद झाला की गुरुवारपर्यंत मी कुणाला बोलले नाही. गुरुवारी तुम्ही बसलात, मी चहा मागवला आणि स्क्रीन तुमच्याकडे वळवली.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसते बघत राहिलात. मग म्हणालात, "हे कुणाचे डोळे?"

"त्याचेच समजा ना काका. आता देता येईल तुम्हाला."

"माझ्यासमोर उभा होता तो, वीणा. हातभर अंतरावर. मी बघितलेत त्याचे डोळे." तुम्ही पिशवी उचललीत. "एवढे सगळे गेले गो. जे उरलंय तेवढं तरी खरं राहू दे."

चहा तसाच राहिला. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही. मलाही राग आलेला. दोन वर्षं तुमचं ओझं बघत होते, ते हलकं करायला गेले तर हे! पुढच्या गुरुवारी तुम्ही आला नाहीत. मी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही केला नाही. मग सुवर्णाचा आला. ते डोळे मी तुम्ही उठून गेलात त्याच संध्याकाळी पुसून टाकले होते. तुमचं बरोबर होतं, हे मी तुम्हाला फोनवर एका वाक्यात सांगू शकले असते.

आता गोष्ट सांगते.

चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलेले. सुवर्णाने कपाटातून एक पाकीट आणून दिलं. जुनं, कडा मऊ पडलेलं. वर तुमच्या अक्षरात आंबिवलीचा पत्ता. आत तेविसाव्या फ्रेमची प्रिंट, तुम्ही हाताने काढलेली. सुवर्णा म्हणाली, "बाबा दर वर्षी एकदा हे घेऊन निघायचे. आंबिवली स्टेशनवर उतरायचे, बाकड्यावर बसायचे आणि परत यायचे. मला म्हणायचे, आज जमलं नाय." तिला सुतक, तिला जाता येईना. ती म्हणाली, "तू जाशील?"

आठव्या दिवशी मी गेले. गावठाणात पिठाच्या गिरणीवर विचारलं, तर लगेच घर दाखवलं. नेव्हीतल्या बाळारामचं घर म्हणून अजून ओळखतात. त्याची धाकटी बहीण हिराबाई, आता सत्तरीच्या पुढच्या, ओट्यावर वाल सोलत बसलेल्या. मी कोण, कुठून आले, कुणाचं काय घेऊन आले, सगळं सांगितलं. पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि मी खाली जमिनीकडे बघत राहिले.

मग हसणं ऐकू आलं.

"आगो, यो आमचा बाला!" त्या म्हणाल्या. "बग ना, डोलं मिटून हसतंय." आणि त्या उठल्या, आत गेल्या, दोन फोटो घेऊन आल्या. एक शाळेतला, चौथीच्या वर्गाचा. एक थोरल्या भावाच्या लग्नातला. दोन्हीत तो होता, आणि दोन्हीत त्याचे डोळे मिटलेले. "याचं डोलं फोटोन कवा उगरंच नसायचं. कॅमेरा बगला का हसायचा, न् हसला का डोलं मिटायचा."

मी विचारलं, मग भिंतीवरचा तो? भिंतीवर हार घातलेला नौदलाचा फोटो होता, ओळखपत्रावरचा मोठा केलेला. ताठ मान, आणि डोळे इतके ताणून उघडलेले की कुणीतरी दटावल्यासारखे. हिराबाईंचं हसणं थांबलं. "यो फोटो आयसला कवा पटलाच नाय. समोर बसायची न् बोलायची, यो माजा नाय, यो सरकारचा हाय."

"आई कधी गेल्या?"

"वीस वर्सा जाली."

काका, तेव्हा मला तुमचा फार राग आला. त्या बाईला हवा होता तो फोटो तुमच्या कपाटात होता, आणि तुम्ही तिच्या स्टेशनवर बाकड्यावर बसून परत जात होतात. मी हिराबाईंपासून काही लपवलं नाही. तुम्ही का आला नाहीत ते सांगितलं, दर वर्षीच्या खेपा सांगितल्या, बाकडं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वालाचे दोन-चार दाणे बोटांत फिरवले. "मानूस चांगला व्हता," त्या म्हणाल्या, "पन चुकला. आयसला हाच पायजे व्हता."

मी मान हलवली. तुमच्या वतीने.

मग त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वालाची आमटी, तांदळाची भाकरी. जेवताना बाळाराम कसा पोहायचा, कसा आईच्या हातचा मार चुकवायचा, हे सांगत होत्या, आणि फोटो शेजारी पाटावर ठेवलेला. माझा राग कधी गेला ते कळलं नाही. तुम्ही पन्नास वर्षं त्या मिटलेल्या डोळ्यांत मरण बघत होतात, आणि ह्या घरात त्या डोळ्यांची सगळ्यांना सवय होती. नेव्हीतला बाळाराम त्याच्या आईला आठवायचा तसा एकाच माणसाच्या कॅमेऱ्यात आला, आणि त्या माणसाला ते कळलंच नाही. निघताना हिराबाईंनी विचारलं, "बारावा कवा हाय त्यांचा?"

बाराव्याला त्या आल्या. त्या आणि घरातली पाच माणसं, टेम्पो करून. तुमच्या गावातले लोक आत-बाहेर करत होते, कुणाला कळेना हे कोण. सुवर्णाने त्यांना घरच्यांच्या ओळीत बसवलं. तुमचा फोटो पुढ्यात होता. आधार कार्डावरचा मोठा केलेला, ओठ आवळलेला. हिराबाई बराच वेळ बघत होत्या. मग सुवर्णाला हळूच म्हणाल्या, "हसरा नाय का यांचा एकपन?"

"नाही हो," सुवर्णा म्हणाली. "बाबा कधी उभेच राहायचे नाहीत कॅमेऱ्यासमोर."

मी मागे उभी होते. चार वर्षं तुम्ही दर गुरुवारी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलात. माझा फोन टेबलावर असायचा. सतबीरचं नाव सांगताना तुम्ही हसलात, टोपीची गोष्ट सांगताना हसलात, मला परीक्षा घेताना पकडलंत तेव्हा तर खांदे हलवून हसलात. एकदाही माझ्या मनात आलं नाही.

हिराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पदर सावरून तुमच्यापुढे गेल्या, हात जोडले, आणि दारात आलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या.

"दादा, फोटो पोचला हां. उशीर जाला, पन पोचला."